काका म्हणजे वडीलच

बारक्या वडिलांना काका म्हणायचा, आणि यात त्याची काडीचीही चूक नव्हती. घर एकत्र. चुलतभावंडं, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आबा यांची मुलं, आधी जन्माला आलेली, त्यांनी 'काका, काका' करून घर डोक्यावर घेतलेलं. हा सगळ्यांत शेवटी आला. बोलायला लागला तेव्हा ज्या माणसाला सगळे काका म्हणतात तो काका, एवढं त्याला कळलं आणि विषय संपला. आईने सुरुवातीला "बाबा म्हण रे, बाबा" असं करून पाहिलं. पण तीच स्वयंपाकघरातून "काकांना चहा नेऊन दे" असं ओरडायची, त्यामुळे तिची शिकवणी काही टिकली नाही. बारक्या पुढे सहा फुटांपर्यंत वाढला तरी बारक्याच राहिला, तसे काका काकाच राहिले. त्या घरात एकदा चिकटलेलं नाव सुटत नसे.

नंतर तर गावच त्यांना काका म्हणू लागलं, कारण काकांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गावात ज्यांना गाडी चालवता येत होती, त्यांतल्या निम्म्यांना ती काकांनी शिकवलेली. उरलेल्यांपैकी कोणी वळणावर घोळ घातला की काका म्हणत, "बाहेर शिकलेलं दिसतंय."

शिकवायच्या गाडीत काकांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. वर्षानुवर्षं तो दाबून दाबून त्यांच्या उजव्या पायाला अशी खोड लागली होती की रिक्षात बसोत, बसमध्ये बसोत, नाहीतर घरी टीव्हीवर पाठलागाचा सिनेमा बघोत, समोर काही आडवं आलं की पाय जमिनीवर दाबला जायचा. शिकाऊ माणसाने भलत्या वेळी क्लच सोडला की काका डॅशबोर्ड धरून "मेलो!" असं ओरडत. रोज पहाटेपासून ते असे कितीदा तरी मरत, आणि मग आंघोळ करून टवटवीत होऊन जेवायला बसत.

माणसाजवळ माल काय आहे यापेक्षा त्यातलं तो कुठे काय मांडतो आणि कुठे काय झाकतो, यावरून त्याचा खरा हिशेब लागतो. शाळेत असताना बारक्याने काकांना मन भरून मांडलं. 'एल' लावलेल्या गाडीतून शाळेत उतरताना तो दार जरा जोरातच आपटायचा, म्हणजे सगळ्यांनी बघावं. शहरात कॉलेजला गेल्यावर काकांचा भाव थोडा उतरला. कोणी विचारलंच तर बारक्या म्हणू लागला, "वडिलांचा ट्रान्सपोर्टमध्ये बिझनेस आहे." खोटं म्हणावं तर खोटं नाही. पण पहिली सूट तिथे दिली गेली, आणि सूट द्यायची एकदा सवय लागली की माल फुकट जायला वेळ लागत नाही.

तो फुकट गेला परदेशी शिक्षणाच्या एका सल्लागाराच्या केबिनमध्ये.

बारक्याला वाहतूक नियोजनातली पदव्युत्तर पदवी घ्यायला बाहेर जायचं होतं. मार्क चांगले होते. पण तिकडच्या विद्यापीठांना मार्कांबरोबर एक निबंध लागतो: तुम्ही कोण, कुठून आलात, हाच विषय का. तो लिहून देणारा सल्लागार जेमतेम बारक्याच्याच वयाचा, केस जेलने उभे केलेला, आणि सतत घाईत असलेला माणूस होता.

"घरी कोण कोण?" त्याने विचारलं.

"आई, आबा, मोठी आई, काका, चुलतभावंडं."

"तुझ्या मागे कोण उभं राहिलं? शिक्षण, आधार, प्रेरणा वगैरे?"

"काकाच. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. त्यांच्यामुळेच मला हा विषय घ्यावासा वाटला."

"आणि वडील?"

"काका म्हणजे वडीलच माझे."

सल्लागाराचं लिहिणं थांबलं. त्याने मान खाली घातली आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूच बारक्याकडे सरकवला. बारक्याला तहान नव्हती. पण समोर आलंय तर प्यावं म्हणून तो प्यायला, आणि तिथेच घोटाळ्यावर शिक्का बसला.

पुढच्या भेटीत निबंध तयार होता. सुरुवातच अशी: 'वडिलांचा चेहरा मला आठवत नाही. मला आठवतो तो काकांचा हात, गिअरवर ठेवलेल्या माझ्या हातावरचा.' बारक्याला आधी हसूच आलं. "अहो, गडबड झालीय. मी वडिलांनाच—"

"आधी पूर्ण वाच," सल्लागार म्हणाला.

बारक्याने वाचला. निबंध इतका सुरेख उतरला होता की शेवटाला येईपर्यंत त्या पोरक्या पोरासाठी त्याने स्वतःच रुमाल काढला.

"कसा झालाय?"

"झालाय मस्तच. पण—"

"हा पहिला परिच्छेद म्हणजे सोनं आहे. तो काढला तर उरतं काय? मार्क? मार्कवाले ढिगाने येतात रे. बोल, काही बदलायचंय?"

बाहेर पुढचा मुलगा फाईल घेऊन बसला होता. एसीची गार हवा मानेवर येत होती. बारक्याने कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "नको. राहू दे."

तीनच शब्द. तेवढ्यात वडील गेले, आई विधवा झाली आणि बारक्याला प्रवेश मिळाला.

मधे एकदा स्क्रीनवर मुलाखतही झाली. विभागप्रमुख बाईंनी शेवटी विचारलं, "काकांना अभिमान वाटत असेल ना?" तेव्हा काका दाराबाहेर पहारा देत उभे होते आणि कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नव्हते. बारक्या म्हणाला, "येस मॅम."

प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही आली. काकांनी गावभर सांगितलं, "आमच्याच धंद्याची वरची इयत्ता आहे. मी गाडी शिकवली, आता हा रस्त्याला शिकवणार." आणि त्याच भरात एक दिवस जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी पोहोचवून येतो याला."

जणू बारक्याला पलीकडच्या गावी जाणाऱ्या बसमध्ये बसवून द्यायचं होतं.

"काका, तिथे कोणाचे वडील येत नाहीत पोहोचवायला," बारक्या म्हणाला.

"वडील येत नाहीत ना? मग मी काका म्हणून येतो!" असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आबांनी पाठीवर थोपटलं. बारक्याने मात्र ताट बाजूला सारलं.

रात्री भांडी आवरताना आई हळूच म्हणाली, "नाही म्हणू नकोस रे. पासपोर्ट आल्यापासून उशाशी घेऊन झोपतायत. घडी पडेल म्हणून कूससुद्धा बदलत नाहीत."

बारक्याने दोन तिकिटं काढली.

विमानतळावरून टॅक्सीत काका पुढे बसले आणि खोलीपर्यंत जमिनीवर पाय दाबत आले. चालकाने दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा काकांनीच स्वतःकडे बोट दाखवून सांगितलं, "आय टीचर. ड्रायव्हिंग." काकांचं इंग्रजी गाडीपुरतंच होतं, पण तेवढ्यात गाडी बरीच लांब नेण्याची त्यांची तयारी असे. चालक हसला. उतरताना दोघांनी हात मिळवले. बारक्या तेवढ्यात बॅगा घेऊन लांब उभा राहिला होता.

खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, दोन टेबलं, एक खिडकी, आणि मजल्यावरच्या सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. रूममेट मराठीच निघाला, आणि त्याच विभागातला. अंगाने किरकोळ, पण तोंडाने धारदार. त्याने काकांना वाकून नमस्कार केला, स्वतःचा पलंग त्यांना दिला, आपण खाली अंथरलं आणि पहिल्या मिनिटापासून काका, काका सुरू केलं. वयाने मोठ्या पुरुषाला आपल्यात काकाच म्हणतात. बारक्याने सुटकेचा श्वास टाकला. अख्ख्या भाषेनेच त्याला लपायला जागा करून दिली होती.

तरी त्याने काकांना विभागापासून चार हात लांबच ठेवलं. "आत फक्त विद्यार्थ्यांनाच सोडतात." काकांनी ते लगेच मान्य केलं. नियम म्हटला की तो पाळायचा, हा त्यांचा धंदाच. ते रोज त्याला फाटकापर्यंत सोडत आणि समोरच्या बाकावर बसून चौकातली वाहतूक बघत. संध्याकाळी सगळा अहवाल तयार असे.

"पायी माणूस दिसला की थांबतात रे! हॉर्न नाही, शिवी नाही. आपल्याकडे असं थांबलं तर मागचा उतरून विचारेल, काय, गाडी बंद पडली का?"

"काका, तुम्ही तिथे दिवसभर बसू नका ना. लोक बघतात."

"बघू देत की. मीही बघतोच आहे."

काकांच्या परतीच्या आदल्या दिवशी विभागात नव्या मुलांसाठी चहा होता. विभागप्रमुख बाई म्हणजे पांढरे आखूड केस, मोठा चष्मा, सायकलने येणाऱ्या. खोलीतल्या कपाटावर सायकलचं हेल्मेट ठेवलेलं. त्यांनी बारक्याला गाठलं. "तुझे काका आलेत म्हणे. तुझा रूममेट सांगत होता. त्यांना आण ना. मला भेटायचंय त्यांना."

"त्यांना जरा बरं नाहीये," बारक्या म्हणाला. ज्याला एकदा मारलं त्याला आजारी पाडायला कितीसा वेळ लागतो?

पण चहाचे कप भरून होतात न होतात तोच दार उघडलं आणि रूममेट काकांना घेऊन आत आला. "अरे, काका खाली बाकावर ठणठणीत बसलेत! म्हटलं, चला वर."

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यावर स्कूलचा निळा कोट, खिशावर स्टिअरिंगचं चित्र विणलेला. रोज तो तसाच घालून ते बाकावर बसत असणार, कोणी चुकून वर बोलावलंच तर असावा म्हणून. बारक्याच्या हे आज लक्षात आलं.

बाईंनी कप खाली ठेवला, पुढे आल्या आणि काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. काकांनी घाईघाईने दुसऱ्या हातातलं बिस्किट कोटाच्या खिशात टाकलं.

"तुम्हीच ते अंकल," बाई इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या.

काका खुलले. शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली त्यांना अंकलच म्हणत. "येस मॅडम! ड्रायव्हिंग अंकल!"

सगळे हसले. बारक्याही हसला. त्याला वाटलं, एवढ्यावर निभावलं.

"याचे लेट फादर," बाई पुढे म्हणाल्या, "आज फार समाधानी असते."

काकांनी त्यातले ओळखीचे दोन शब्द उचलले. लेट. फादर. त्यांच्या कपाळावर आठी आली. वेळेच्या बाबतीत काकांना कोणी बोललेलं चालत नसे. उशिरा येणाऱ्या शिकाऊ माणसाला ते दारातूनच परत लावत. कोणीतरी या बाईंना काहीतरी चुकीचं सांगितलं होतं.

"नो, नो मॅडम!" ते ठामपणे म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर हात आपटला. "फादर नो लेट. फादर नेव्हर लेट!"

बाईंचा चेहरा हलला. चष्म्यामागचे डोळे भरून आले. त्यांनीही आपल्या छातीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खरंय. नेव्हर. ते कधी जात नाहीत. ते इथेच असतात."

काका त्यांच्या छातीवरच्या हाताकडे बघत राहिले. मग ओल्या डोळ्यांकडे. उशिरा येण्यावरून कोणी रडत नाही, एवढं त्यांना कळत होतं. आणि मग त्यांना तो चषक आठवला असावा. आपल्या वडिलांच्या नावाने शाळेला दिलेला. त्यावर इंग्रजीत काय कोरायचं हे त्यांनी आणि आबांनी बसून ठरवलं होतं, आणि पहिलाच शब्द होता 'लेट'.

त्यांनी बारक्याकडे बघितलं. शिकाऊ माणसाचा पाय चुकीच्या पेडलवर गेलाय हे काका खाली न बघता, नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत. तेच त्यांनी आत्ता केलं. फार वेळ लागला नाही.

"येस मॅडम," ते बाईंकडे वळून म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "अंकल. ओन्ली अंकल."

मेल्याहून मेल्यासारखं होतं असं आपण म्हणतो. बारक्याला तेवढीही सवलत नव्हती. मेलेलं माणूस त्याच्या समोर उभं राहून त्याची बाजू सांभाळत होतं.

खोलीकडे परतताना बसमध्ये काका खिडकीशी बसले. चौकात एक सायकलवाला अचानक आडवा आला, चालकाने करकचून ब्रेक मारला, सगळे पुढे झुकले. काकांचा पाय जागचा हलला नाही. बारक्याने तो पाय बघितला आणि मग त्याला दुसरीकडे कुठे बघवेना.

एक थांबा आधीच काका उठले. "चालू या जरा."

थोडं अंतर गेल्यावर काका म्हणाले, "कधी गेलो रे मी?"

"काका, ते—"

"नाही, विचारून ठेवतो. कोणी विचारलं तर दोघांची तारीख एक यायला हवी."

"मी लहान असताना. चेहरा आठवत नाही असं लिहिलंय."

"कशाने गेलो?"

"ते नाही लिहिलं."

"अपघाताने नको म्हणजे झालं. स्कूलचं नाव जाईल."

बारक्याला ओरडा हवा होता. एक मुस्काटात बसली असती तर तो ती आनंदाने घेऊन मोकळा झाला असता. पण काका तसे मोकळं करणाऱ्यांतले नव्हते. मग त्याने सगळं सांगितलं. सल्लागार, पाण्याचा ग्लास, काका म्हणजे वडीलच. तिथे काकांना खरंच हसू आलं. ते रस्त्यात थांबून हसले. मग हसू ओसरलं.

"म्हणजे चूक त्याची."

"हो."

"तू वाचलंस तेव्हा तुला कळली?"

"हो."

"मग?"

बारक्या चपलेकडे बघत राहिला. "मग मी म्हटलं, राहू दे."

काकांनी मान हलवली. "गाडी तो चालवत होता. पण ब्रेक तुझ्या बाजूलाही होता." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, परीक्षेनंतर नापासाला सांगतात तसं सांगितलं.

"मी उद्या मॅडमना सांगतो सगळं."

"सांगितलंस तर?"

"शिष्यवृत्ती जाईल. कदाचित काढूनही टाकतील."

काका चौकात थांबले. समोर सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, परत लाल झाला. घरी आबांना काय सांगायचं, गावाला काय सांगायचं, पासपोर्ट परत कपाटात कसा ठेवायचा, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना बारक्याला दिसलं.

"राहू दे," काका म्हणाले. वाढायला आलेल्याला पोट भरलेला माणूस म्हणतो तसं. "मला मरायची सवय आहे. रोज पहाटेपासून तेच तर करतो." मग चार पावलं पुढे जाऊन, मागे न बघता, "आईला मात्र कळू देऊ नकोस. मी गेलो म्हणजे तिचं काय झालं, ते बघ पुढे कधी लिहिताना. ती नाही हे हसण्यावारी नेणार."

काका पाय धुऊन लवकर पडले. बारक्या स्वयंपाकघरात गेला तर रूममेट तवा घासत होता. त्याने वर बघितलं नाही.

"मी माझ्या बापाला भाऊ म्हणतो," तो म्हणाला. "आत्याने लावलेली सवय."

बारक्या दारातच थबकला.

"काका तुझे वडील आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं. नाक बघ की आरशात. मला वाटलं, ओळख करून द्यायला लाजतोयस. लाजतात पोरं. मीही लाजलोय." त्याने तवा पालथा घातला. "मारून टाकलायस हे माहीत असतं, तर वर नसतं आणलं त्यांना."

"मला माहीत नव्हतं की—"

"मला कशाला सांगतोस? बाजूला हो, पाणी सांडलंय."

सकाळी विमानतळाची बस विद्यापीठाच्या फाटकासमोरूनच सुटायची, काकांच्या बाकाजवळून. काकांनी निळा कोट बॅगेत घातला होता. साध्या स्वेटरमध्ये ते एकदम कोणीही दिसत होते. बस आली. त्यांनी बारक्याच्या खांद्यावर थोपटलं, "जेवत जा," म्हणाले आणि रांगेत उभे राहिले.

बारक्याच्या मनात आलं, एकदा तरी. रात्रभर तो शब्द त्याने तोंडात घोळवला होता.

"बाबा!" त्याने हाक मारली.

रांगेतल्या एका बाईच्या कडेवरचं बाळ तेवढं वळून त्याच्याकडे बघायला लागलं. काका पुढे सरकले. त्यांना जन्मात कोणी त्या नावाने हाक मारलेली नव्हती. ती आपल्यासाठी आहे हे त्यांना कळणार तरी कसं?

"काका!"

ते लगेच वळले. "काय रे? काही राहिलं?"

"नाही. पोहोचलात की फोन करा."

"हो. तू आत जा आता. उशीर नको." हे म्हणताना त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि ते बसमध्ये चढले.

बारक्या रस्ता ओलांडून थेट विभागात गेला. बाईंचं दार अर्धवट उघडं होतं. त्या हेल्मेट कपाटावर ठेवत होत्या.

"गेले का काका?"

"हो. मॅडम, मला सांगायचंय." इंग्रजीतली वाक्यं त्याने जिन्यावर जुळवली होती, ती सगळी दारातच सांडली. उरलं तेवढं म्हणाला, "ते काका नाहीत. म्हणजे, काका म्हणजे वडीलच माझे."

बाईंनी चष्मा काढला. "हो रे," त्या फार मायेने म्हणाल्या. "दिसत होतं ते. सख्ख्या वडिलांनीही एवढं केलं नसतं." आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी त्याच्यापुढे सरकवला.

बारक्या ग्लासाकडे बघत राहिला. आणि त्या क्षणी त्याला जे वाटलं, ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत हलकं होतं: त्याला सुटल्यासारखं वाटलं. सांगितलं तर खरं. शब्दही खरे. आता त्यांनी काय ऐकलं, त्याला मी काय करू? तो "थँक यू, मॅम" म्हणाला आणि बाहेर आला.

जिन्याच्या पहिल्या वळणावर खिशात फोन थरथरला. आईचा निरोप होता. 'काका निघाले का नीट? परवा फोनवर म्हणत होते, चहाला तुमच्या मोठ्या मॅडमकडे जायचं म्हणून कोट इस्त्री करून घेतला. भेटल्या का? काय म्हणाल्या काकांना?'

त्याने निरोप परत वाचला. परवा. चहाचं त्यांना आधीच माहीत होतं, म्हणजे रूममेटने सांगितलं असणार. आणि तरी ते खाली बाकावर बसून राहिले होते. मुलगा येऊन बोलावील म्हणून.

बारक्या कठड्याला धरून उभा राहिला. खालून मुलं हसत वर येत होती, त्याला वळसा घालून गेली. मग तो मागे फिरला. दार आता लावलेलं होतं. त्याने टकटक केली.

"मॅडम, मी बसू का? मघाशी मी नीट सांगितलं नाही."

बाईंनी खुर्ची दाखवली. तो बसला. ग्लास अजून तिथेच, भरलेला. त्याने तो बाजूला सरकवला.

"माझे वडील जिवंत आहेत," तो म्हणाला. "काल इथे आले होते. निळ्या कोटात. मी जे लिहून दिलं ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला पाठवतानाही माहीत होतं."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हातातला पेन त्यांनी टोपण लावून हळूच टेबलावर ठेवला आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आता त्या त्याच्याकडे नीट बघू लागल्या होत्या, नाकाकडे, कपाळाकडे, काल त्या कोटावरचा चेहरा कसा होता ते आठवून ताडून पाहावं तसं.

"पुढे बोल," त्या म्हणाल्या.

बारक्याचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं.